टोमॅटोच्या बांबूंचा मांडव

शिवनेरीच्या पायथ्याशी मी पहिल्यांदा टेप धरला तो चुकीच्या ठिकाणाहून. चढाच्या सुरुवातीच्या दगडी बांधकामापाशी मैत्रिणीला टोक धरून उभं केलं आणि मी उताराने खाली चालत गेले. तीस मीटरचा टेप, चार वेळा लावला. शंभर मीटर भरले तिथे चार दगड रचले, वहीत आकडा लिहिला, फोटो काढला आणि समाधानाने घरी आले. दोन दिवसांनी या कामातल्या एका जाणत्या गृहस्थांनी माझा नकाशा पाहिला आणि विचारलं, "हे कुठून मोजलंत?" मी म्हटलं, भिंतीपासून. ते म्हणाले, "भिंतीपासून नसतं मोजायचं. संरक्षित हद्दीपासून मोजायचं. आणि ती हद्द डोळ्यांना दिसत नाही, कागदावर बघावी लागते."

प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपुढचे १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्याच्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. पहिल्यात नवं बांधकाम करता येत नाही, दुसऱ्यात आधी परवानगी लागते. आमचा प्रदर्शनाचा मांडव दहा दिवसांचा. तो बांधकामात मोडतो का, हे मी चार जणांना विचारलं आणि मला चार उत्तरं मिळाली. शेवटी आमच्या समितीतले गुरुजी म्हणाले, "पोरी, वाद घालण्यात जानेवारी जाईल. आपण दोन्ही रेषांच्या बाहेर जाऊ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण रेषांच्या बाहेर गेल्यावर माझा मंडप किल्ल्याला 'लागून' राहणार नव्हता, आणि मी सगळं रेखाटन त्याच एका कल्पनेवर केलं होतं.

मी मूळची आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावची. पुण्यात वास्तुकलेचं पाच वर्षांचं शिक्षण घेतलं, एका ठिकाणी वर्षभर दुसऱ्यांचे नकाशे काढले, आणि त्यानंतर स्वतःच्या नावावर आलेलं हे पहिलं काम. जुन्नरमधले काही शिक्षक, गड फिरणारी दोन-तीन मुलं आणि पाण्यावर काम करणारी मंडळी यांनी मिळून ठरवलं होतं की शिवजयंतीच्या आगेमागे दहा दिवस 'जुन्नरचं पाणी' या विषयावर प्रदर्शन भरवायचं. १९ फेब्रुवारीला शिवजन्माच्या सोहळ्यासाठी सगळीकडून माणसं येतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे, त्यामुळे या वर्षी गर्दी जास्त होईल असा सगळ्यांचा अंदाज होता. माणसं सात दरवाजे चढून जातात, शिवाई देवीला हात जोडतात, शिवजन्मस्थानापुढे नतमस्तक होतात आणि उतरतात. वाटेत गंगा-जमुना ही टाकी लागतात, त्यांतलं गार पाणी पितात. पण डोंगराच्या इतक्या उंचीवर हे पाणी कुणी, कसं, कधी साठवलं, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगावं, एवढीच समितीची इच्छा.

विषय माझ्या मनाचा होता. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि लेणं आलं की त्याच्याशेजारी पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, आली. इथल्या ब्राह्मी लेखांत पोढीचं दान लिहून ठेवलेलं आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्याचा लेख आहे. कुठल्या मुलखातून आलेला माणूस, नाणेघाट चढून या बाजारात पोचला असेल, आणि त्याने मागे काय ठेवलं तर पाणी. तिथून पुढे गडावरचा बदामी तलाव, गावागावांतल्या बारवा आणि सगळ्यात शेवटी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आमच्या तालुक्यातलं डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याचं नाव आंबेगाव राहिलं, कचेरी घोडेगावात आहे आणि ज्या गावावरून हे नाव पडलं ते पाण्याखाली आहे. आमच्या आजीचं घर त्याच गावातलं. म्हणून मी हे काम घेतलं, आणि जीव ओतून करायचं ठरवलं.

जीव ओतून मी काय केलं, तर पंचवीस फूट उंचीची एक कमान काढली. लोखंडी नळ्या, वर ताणलेलं पांढरं कापड, दोन बाजूंना बुरजासारखे गोल. संगणकावर ते फार देखणं दिसत होतं. समितीच्या बैठकीत मी ते भिंतीवर दाखवलं. सगळे गप्प होते. गुरुजींनी चष्मा पुसला, परत लावला आणि विचारलं, "छान आहे. मग किल्ला कुठनं बघायचा?"

त्या प्रश्नाने मी त्या रात्री झोपले नाही. कॉलेजात आम्हाला तात्पुरत्या मंडपांचा एक धडा होता. लंडनच्या एका बागेत १९३४ साली बांधलेलं चहापानगृह आहे, त्यात आता सर्पेंटाइन नावाचं कलादालन चालतं. त्याच्या शेजारच्या हिरवळीवर २००० सालापासून उन्हाळ्यात एक मंडप उभा राहतो. पहिला झाहा हदीद यांनी केला, २०२५चा बांगलादेशच्या मरिना तबस्सुम यांनी. उन्हाळा सरला की मंडप उतरवतात. आम्ही त्या मंडपांचे फोटो पाहिले, आकार पाहिले, चिकटवहीत लावले. पण ते विटांचं जुनं घर त्या फोटोंत कुठे होतं, मंडपाने त्याला किती जागा सोडली होती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री परत काढून पाहिलं. चांगल्या मंडपांच्या फोटोंत जुनं घर मागे दिसतं, आणि दिसतं तेव्हा ते पूर्वीपेक्षा जास्त लक्ष वेधून घेतं.

त्याच धड्यात बिजॉय जैन यांनी २०१६ साली मेलबर्नमध्ये उभारलेला मंडप होता. सात किलोमीटर भरेल इतका बांबू, सव्वीस किलोमीटर दोरी, आणि छताला कारवीच्या काड्यांचे ताटवे, तेही भारतात कारागिरांनी हाताने विणलेले. वर्गात हे ऐकून सगळे चकित झाले होते. मीही झाले होते. सुट्टीत मामाकडे, भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीत गेले तेव्हा ज्या भिंतीला टेकून चहा घेत होते ती कारवीचीच होती. कारवीचा कूड, वर शेणामातीचा लेप. लहानपणापासून मी त्या भिंतीला पाठ लावून बसले होते. मेलबर्नचा फोटो पाहिल्यावर मला ती भिंत पहिल्यांदा दिसली, याची मला आजही खंत वाटते.

कारवी वापरायची हा माझा दुसरा विचार. मामाने तो तिथल्या तिथे मोडला. भीमाशंकरचं रान अभयारण्यात आहे. मांडवासाठी गाडीभर कारवी तोडायची गोष्ट त्याने काढूसुद्धा दिली नाही. "घरापुरती आणणं वेगळं," एवढंच म्हणाला.

मग जागा. दोन्ही रेषांच्या बाहेर गावाच्या बाजूला एका शेतकऱ्याचं वावर पडीक होतं. ते त्यांनी दहा दिवसांसाठी विनामोबदला दिलं. अट एकच, खड्डे काढायचे नाहीत. मी नाराज मनाने तिथे गेले. सकाळची नऊची वेळ. वावराच्या मधोमध उभी राहिले, वळून पाहिलं आणि समोर अख्खा शिवनेरी होता. पायऱ्यांपाशी उभं राहिलं की डोक्यावर नुसता कडा येतो. किल्ला दिसत नाही. इथून तो पायापासून माथ्यापर्यंत दिसत होता: कातळाचा काळा पट्टा, त्यात कोरलेल्या लेण्यांचे अंधारे चौकोन, वर तटाची रेघ, उजवीकडे निमुळतं होत गेलेलं टोक. इतकी वर्षं गडावर जाऊन मी तो असा कधी पाहिला नव्हता. मी तिथे खाली बसले आणि वहीत एकच ओळ लिहिली: कुठूनही उभं राहिलं तरी किल्ला दिसला पाहिजे.

आकार मला तुळजा लेण्यात सापडला. जुन्नरच्या पश्चिमेला ते लेणं आहे. त्यातलं चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, त्याच्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखं छत. मी तिथे एका दुपारी दोन तास बसले होते. आत चालताना कुठेही 'पुढचं' आणि 'मागचं' नसतं, माणूस आपोआप प्रदक्षिणा घालतो. पाण्याची गोष्ट सांगायला यापेक्षा चांगली चाल कुठली? म्हणून बारा खांब आणि गोल. मधे स्तूपाच्या जागी काहीच नाही, उघडं आकाश. बाहेरचा व्यास तीस फूट, मधला उघडा गोल बारा फुटांचा. उंची सात फूट, त्यापेक्षा एक इंचही जास्त नाही. मधल्या उघड्या गोलात उभं राहिलं की छताच्या काठावरून समोर गड दिसेल.

आता हे कशाने बांधायचं? लोखंड भाड्याने परवडत नव्हतं. गुरुजींनी मला नारायणगावजवळच्या एका मांडववाल्यांकडे नेलं. वय सत्तरीच्या घरात, सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तात्याच म्हटलं. मी नकाशा उलगडला, मिलिमीटरमध्ये मापं लिहिलेला. तात्यांनी तो आदराने हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि घडी करून मला परत दिला. "ताई, हे वावरात दाखवा."

वावरात मी खुंटी आणि दोरीने गोल काढला. तात्यांच्या मुलाने त्यावर चुन्याची फक्की मारली. मग तात्या त्या गोलात चालले. दोनदा चालले. एके ठिकाणी थांबून म्हणाले, "इथं बाया थांबतील, लेकरू काखेत घेऊन. इथं वाट रुंद पाहिजे." फक्कीची रेघ पायाने पुसून त्यांनी दीड फूट बाहेर घेतली. माझ्या कागदावर ती बाई नव्हती, ते लेकरूही नव्हतं.

बांबूंची गोष्ट त्यांनीच काढली. आमच्या भागात टोमॅटो म्हणजे काय हे नारायणगावचा बाजार पाहिलेल्याला सांगायला नको. वेलीला आधार द्यायला बांबूच्या काठ्या लागतात, वरून तार, मग सुतळीने बांधणी. हंगाम संपला की त्या काठ्या बांधावर रचून ठेवतात. फेब्रुवारीत उन्हाळी लागवड नुकतीच होत असते, बांधणीला अजून वेळ असतो. "तेवढ्या दिवसांपुरत्या काठ्या उसन्या मिळतील," तात्या म्हणाले. "पण बांधणीच्या आत परत करायच्या. शेतकरी थांबणार नाही." तीन शेतकऱ्यांनी काठ्या दिल्या. एकाने नर्सरीची जुनी शेडनेट दिली. नवी हिरवी जाळी मी आधी पाहिली होती. फेब्रुवारीच्या वाळक्या डोंगरापुढे ती डोळ्यांत खुपत होती. ही जुनी जाळी उन्हाने विटून मातकट झाली होती आणि समोरच्या डोंगराच्या रंगात मिसळून जात होती.

काठी एकटी लवचीक, सात एकत्र बांधल्या की खांब. तात्या तो खांब कसा बांधत ते मी पहिल्या दिवशी जमिनीवर बसून पाहिलं. चार काठ्यांचे बुडखे खाली, तीन काठ्यांचे बुडखे वर. बुडखा जाड, शेंडा बारीक. सगळे बुडखे एकाच बाजूला आले तर खांब एका टोकाला फुगतो आणि दुसऱ्या टोकाला दुबळा होतो. मग काथ्याचे वेढे, दर हातभर अंतरावर एक, प्रत्येक वेढ्यात काथ्या गुडघ्याने दाबून ओढायचा. अठरा खांब तसे बांधले. बाहेरच्या गोलाला बारा, आतल्या काठाला सहा. आडवे वासे मात्र तात्यांचे स्वतःचे, लांब कळकाचे.

खड्डे काढायचे नाहीत ही शेतकऱ्याची अट मला सुरुवातीला अडचण वाटली होती. गुरुजींनी त्यात आणखी एक कारण घातलं. जुन्नर हे सातवाहनांच्या काळापासून नांदतं गाव आहे. आजूबाजूच्या शेतांत नांगराला जुनी खापरं लागतात. "आपण पहार मारू आणि खाली काय फुटेल कोण जाणे," ते म्हणाले. मग खांब उभे राहायचे कशावर? आणि वारा?

वाऱ्याचा हिशेब मी तीन दिवस मांडत होते. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे. तात्पुरत्या बांधकामासाठी त्याला ०.७६ने गुणण्याची मुभा आहे, म्हणजे साधारण तीस मीटर. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५४ किलो वजनाइतका भरतो. आमचं छत ५५ चौरस मीटर. गुणाकार केला आणि मी पुन्हा केला. तीन टन. वारा आपलं छत खाली दाबत नाही, वर उचलतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण तीन टन वजन मला त्या वावरात आणून ठेवायचं आहे, हे कळल्यावर मी अक्षरशः हबकले. जाळीतून वारा निघून जातो हे खरं, तरी माणसं खाली उभी राहणार होती. मी आकडा कमी करायला तयार नव्हते.

उत्तर पुन्हा टोमॅटोतच निघालं. बाजारात जो प्लास्टिकचा क्रेट वीस किलो टोमॅटोचा म्हणून चालतो, तो दगडाने गच्च भरला की पन्नास किलोच्या आसपास जातो. आम्ही काट्यावर ठेवून पाहिला. बाहेरच्या बारा खांबांना चार-चार, आतल्या सहांना दोन-दोन, असे साठ क्रेट. साठ गुणिले पन्नास, तीन हजार. दगड त्याच वावराच्या बांधावरचे, जिथून घेतले तिथे परत ठेवायचे.

तात्यांची एक अडचण मात्र राहिली होती. मुहूर्तमेढ रोवल्याशिवाय ते मांडवाला हात लावत नाहीत, आणि रोवायची म्हणजे जमिनीत. आपण उठता-बसता कशाचीही मुहूर्तमेढ रोवतो, संस्थेची, चळवळीची. ती खरोखर एक मेढ असते आणि तिच्यासाठी जमीन उकरावी लागते, हे मला त्या सकाळी उमगलं. तात्यांनी बराच विचार केला. मग शेतकऱ्याच्या घरून एक जुनं दगडी उखळ आणलं, त्यात पहिला खांब उभा केला, आंब्याचा डहाळा बांधला, हळदकुंकू वाहिलं. "दगड जमिनीवर बसलाय, म्हंजे जमिनीतच हाय," ते म्हणाले आणि कामाला लागले.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री वारा आला. फेब्रुवारीत असा वारा क्वचित येतो, पण आला. मी आणि समितीतली दोन मुलं चित्रं टांगत होतो. मांजरपाटावर छापलेले मोठे फोटो होते, ते शिडासारखे फुगायला लागले. पश्चिमेकडच्या एका कोपऱ्यात छत उचललं गेलं आणि खांब जमिनीवरून सुटल्यासारखा हलला. मी धावत गेले. त्या खांबाचे दोन क्रेट जागेवर नव्हते. संध्याकाळी कुणीतरी चहा प्यायला बसायला म्हणून ते ओढून दूर नेले होते, उलटे करून. दगड बाजूला पडलेले. मी दोन्ही हातांनी खांब धरला. माझ्या वजनाने काय होणार होतं? पण सोडवेना.

तात्या झोपायला गेलेच नव्हते. ते आले, माझ्याकडे पाहिलं नाही, खांबाकडेही पाहिलं नाही. खिशातला चाकू काढला आणि त्या बाजूची जाळी जिथे जिथे सुतळीने बांधली होती तिथे सुतळी कापत गेले. सात-आठ ठिकाणी. जाळी सुटली, वाऱ्यावर फडफडत एका बाजूला लोंबली आणि खांब शांत उभा राहिला.

नंतर चुलीपाशी बसल्यावर त्यांनी सांगितलं. सांगाडा काथ्याने बांधायचा आणि छत मुद्दाम सुतळीने, कमी जोराच्या गाठीने. वारा फार झाला तर सुतळी तुटावी, काथ्या नाही. वाऱ्याला छत देऊन टाकायचं म्हणजे मांडव राहतो आणि खालची माणसं राहतात. मी तीन टनांचा हिशेब मांडला होता. त्या हिशेबात काहीतरी आधी सुटावं याची तजवीज नव्हती. काथ्या आणि सुतळी यांतला फरक मला पैशांची काटकसर वाटला होता.

सकाळपर्यंत जाळी पुन्हा बांधली. प्रत्येक क्रेटवर मी गेरूने लिहिलं: हलवू नये. आणि बसायला वेगळे बाक आणले, कारण माणसांना बसायला लागतं हे मी विसरले होते.

दहा दिवस माणसं येत होती. शाळेची मुलं गोलाला दोन-दोन, तीन-तीन चकरा मारत. गड उतरून आलेली माणसं पाय दुखतात म्हणून टेकत आणि मग चित्रं बघत. बहुतेक जण मधल्या उघड्या गोलात थांबून वर किल्ल्याकडे बघायचे, आणि चित्रातलं लेणं समोरच्या कातळात कुठे आहे ते एकमेकांना बोटाने दाखवायचे. मला हेच हवं होतं.

चौथ्या दिवशी डोंगराकडच्या एका वाडीतल्या आजीबाई आल्या. कातळात खोदलेल्या एका टाक्याचा मोठा फोटो आम्ही लावला होता. आत उतरणाऱ्या पायऱ्या, तळाशी पाणी. आजी बराच वेळ त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. मग मला हाक मारली. "ही पायरी एकाच अंगानं झिजलीय, बघ. उजव्या कमरेवर हंडा असला की बाई डाव्या हातानं भिंत धरून चढती. पाय भिंतीच्याच कडंला पडतो." मी फोटो पाहिला. पायरीची डावी कड खोलगट झालेली स्पष्ट दिसत होती. तो फोटो आम्ही काढला, निवडला, मोठा केला, त्याखाली मजकूर लिहिला. आमच्यापैकी कुणालाही ती झीज दिसली नव्हती. त्याच दुपारी मी आजींचं म्हणणं कागदावर लिहून फोटोखाली टाचलं. संपूर्ण प्रदर्शनातला सगळ्यात चांगला मजकूर तोच होता, हे मी खात्रीने सांगते.

गुरुजींनी एक लेख शेवटच्या फलकासाठी राखून ठेवला होता. इरिलाच्या पोढींसारखाच तो जुन्नरच्या लेण्यांतला, चिट नावाच्या यवनाने संघाला दिलेल्या दानाचा. दान कशाचं, तर भोजनमंडपाचं, प्राकृतात 'भोजनमटपो'. मंडप. जो शब्द तात्यांच्या पावतीपुस्तकावर छापलेला आहे, तोच जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या कातळात कोरलेला आहे. लेण्यांतल्या दगडी तुळया, दगडी जाळ्या, कमानीतल्या फासळ्या सगळ्या लाकडी घडणीची नक्कल आहेत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या फलकापुढे उभी असताना मला पटलं की ज्यांनी हा डोंगर खोदला त्यांनी आधी लाकडाचे आणि बांबूचे मांडव पाहिले होते, कदाचित बांधलेही होते. तात्यांना मी तो शब्द वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला आणि मग शेजारच्या मुलाला स्वतः सांगितला.

अकराव्या दिवशी मांडव उतरवायला घेतला. हे काम मी आखलंच नव्हतं. उभारणीचा नकाशा होता, उतरवण्याचा नव्हता. त्या आठवड्यात माझी आजी घोडेगावहून बघायला आली होती. ती बाकावर बसून म्हणाली, "आधी खुणा कर गं." डिंभ्याचं पाणी चढायच्या आत त्यांनी आंबेगावचं घर उतरवलं होतं. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग तुळया, शेवटी दाराची चौकट. प्रत्येक वाशावर गेरूने खूण, कुठला कुठे बसत होता त्याची. म्हणून नव्या जागी ते घर परत उभं राहिलं. ही गोष्ट तिने मला लहानपणापासून सांगितली होती आणि मी ती फक्त दुःखाची गोष्ट म्हणून ऐकली होती. त्यात एक विद्या होती. ती विद्या मला पाच वर्षांत कुठल्या विषयात शिकवली नाही, आणि ती शिकवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. वास्तुकला शिकणाऱ्या प्रत्येकाने एक तरी बांधलेली वस्तू तुकडा न तुकडा जपून उतरवलेली असावी.

मी तिघा शेतकऱ्यांच्या काठ्यांना तीन वेगळ्या खुणा केल्या. काथ्या सोडून गुंडाळला. जाळी धुऊन नर्सरीला दिली. साठ क्रेट रिकामे झाले, दगड बांधावर गेले. उखळ शेतकऱ्याच्या ओसरीवर परत पोचलं. संध्याकाळपर्यंत वावरात फक्कीचा फिकट गोल तेवढा उरला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या वावरात ट्रॅक्टर फिरला. काठ्या आता तिघांच्या शेतात टोमॅटोच्या सऱ्यांवर उभ्या आहेत. काहींवर माझ्या गेरूच्या खुणा अजून आहेत.